मात्रा लागू पडली म्हणजे काय?

अमेरिकेत ह्यूस्टन येथे असलेल्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील डॉक्टरांचा एक शोधनिबंध २०२४ साली ‘लॅन्सेट हीमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जठराच्या अस्तरात होणाऱ्या ‘माल्ट लिम्फोमा’ नावाच्या एका मंदगती कर्करोगावर एरवी २४ ते ३० ग्रे इतके प्रारण दिले जाते. या डॉक्टरांनी दोन हप्त्यांत मिळून फक्त ४ ग्रे दिले. २४ रुग्णांपैकी २० जणांच्या जठरात तेवढ्यावरच रोगाची खूण उरली नाही. ज्यांना एवढे पुरणार नाही त्यांना नंतर आणखी २० ग्रे देण्याची सोय योजनेतच करून ठेवली होती.

असे संशोधन सामान्य वाचकापर्यंत येईतो त्याचे एक वाक्य होते: ‘कमी किरणांचा शेक दिला आणि पोटाचा कर्करोग बरा झाला.’ शाळेत विद्यार्थी विचारतात ते या वाक्याबद्दल, मूळ निबंधाबद्दल नव्हे. म्हणून येथे दोन्हींचे परीक्षण करायचे आहे. निबंध चांगला आहे, त्याने विचारलेला प्रश्न तर फारच चांगला आहे. वाक्य मात्र जवळजवळ शब्दागणिक सदोष आहे. त्यातील ‘शेक’, ‘कमी’, ‘पोटाचा कर्करोग’ आणि ‘बरा’ हे चार शब्द आपण एकेक करून तपासू.

शेक कसला?

प्रारणोपचाराला आपल्याकडे बोलीत ‘शेक’, ‘लाइट’ किंवा ‘करंट’ म्हणतात. यांपैकी ‘शेक’ हा शब्द घरगुती आणि धीर देणारा आहे, पण त्यातून उष्णतेची कल्पना येते. ती खरी आहे का, हे दहावीचा विद्यार्थीही तपासू शकतो. ग्रे हे शोषलेल्या ऊर्जेचे एकक आहे. एक किलोग्रॅम पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली की ती मात्रा १ ग्रे होते. म्हणजे ४ ग्रे म्हणजे किलोमागे ४ ज्यूल. एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात आणि शरीरातील ऊतींचा बराचसा भाग पाणीच आहे. भागाकार केला की उत्तर येते सुमारे एक हजारांश अंश. पूर्ण ३० ग्रे एकदम दिले तरी तापमान एक शतांश अंशानेही वाढत नाही. चहाच्या एका घोटाने जठराला याहून कितीतरी अधिक ऊब मिळते.

मग एवढ्याशा ऊर्जेने पेशी मरते कशी? ऊर्जा किती, याइतकेच ती कोठे आणि कशी पडते, याला महत्त्व असते. उष्णता सर्व रेणूंत वाटली जाते. क्ष-किरण आणि गॅमा किरण मात्र अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात, आणि हे इलेक्ट्रॉन आपल्या वाटेवर थोड्या ठिकाणी ऊर्जेचे मोठे फटके देत जातात. असा फटका डीएनएजवळ बसला की त्याचे धागे तुटतात. दर ग्रेमागे एका पेशीत दोन्ही धागे तुटण्याच्या साधारण ३५ ते ४० घटना होतात. ४ ग्रेला हा आकडा दीडशेच्या घरात जातो. म्हणजे हा ‘शेक’ भाजत नाही, तो तोडतो.

‘किरणोत्सर्ग’ हा शब्दही येथे जपून वापरावा. कोबाल्ट-६० किरणोत्सारी आहे. त्याचे अर्धायुष्य ५.२७ वर्षे असते. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले ‘भाभाट्रॉन’ हे उपचारयंत्र याच कोबाल्टच्या गॅमा किरणांवर चालते. पण बाहेरून किरण घेतलेला रुग्ण स्वतः किरणोत्सारी होत नाही. दिवा विझला की खोलीत प्रकाश साठून राहत नाही, तसेच हे. त्याच्या शेजारी बसायला, त्याच्या ताटात जेवायला, नातवंडाला त्याच्या मांडीवर द्यायला काहीच हरकत नसते. वर्गात ही एक गोष्ट नीट सांगितली, तरी एखाद्या घरातील रुग्णाचे एकटेपण कमी होईल.

कमी म्हणजे कशाहून कमी?

मूळ निबंधात या मात्रेला ‘अतिअल्प’ म्हटले आहे. कर्करोगतज्ज्ञांच्या आपापसातील भाषेत ते योग्यच आहे, कारण त्यांच्या मनात तुलनेला ३० ग्रे असतात. शब्द दवाखान्यातून बाहेर पडला की ही तुलना मागे राहते आणि ‘अल्प’ म्हणजे ‘किरकोळ’ असा अर्थ उरतो.

आता दुसरी तुलना करून पाहा. छातीच्या एका क्ष-किरण चित्रात मिळणारी मात्रा मिलिग्रेच्या दहाव्या भागाच्या घरात असते. ४ ग्रे त्याच्या सुमारे चाळीस हजार पट होतात. हेच ४ ग्रे जठराऐवजी संपूर्ण शरीरावर एकदम पडले आणि काहीच उपचार मिळाले नाहीत, तर अशा माणसांपैकी सुमारे निम्मी दोन महिन्यांत दगावतात. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात २०१० साली एका जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० उघड्यावर आले, तेव्हा अनेक जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला.

जठरावरील ४ ग्रे सुरक्षित ठरतात, कारण किरणांची शलाका मोजूनमापून एका अवयवावर रोखलेली असते आणि अस्थिमज्जेचा फार मोठा भाग तिच्या बाहेर राहतो. तेव्हा मात्रेचा आकडा कधीच एकटा सांगू नये. किती, कोठे, किती वेळात आणि कशाच्या तुलनेत, हे चारही सांगावे. ‘किरण थोडे असले तर चांगले, फार असले तर वाईट’ हे सूत्र सुटसुटीत आहे, पण त्यात विज्ञान नाही.

कोणता कर्करोग?

चारही शब्दांत अधिक धोक्याचा शब्द ‘पोटाचा कर्करोग’ हा आहे. मराठीत ‘पोट’ म्हणजे जठर, यकृत, आतडी सारेच. त्यातून जठरापुरते बोलायचे ठरवले, तरी जठराचे बहुतेक कर्करोग अस्तरातील ग्रंथींच्या पेशींपासून होतात. त्यांना ‘अॅडिनोकार्सिनोमा’ म्हणतात. त्यांच्यावर ४ ग्रे हा उपचार नाही. तेथे शस्त्रक्रिया आणि औषधोपचार लागतात आणि वेळ दवडणे महागात पडते. माल्ट लिम्फोमा हा जठराच्या कर्करोगांतील एक लहानसा गट आहे आणि तो लसीका पेशींपासून, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींपासून सुरू होतो.

या रोगाची कथा विज्ञानाच्या शिक्षकाला सांगावीशी वाटेल अशी आहे. निरोगी जठरात लसीका ऊती जवळजवळ नसतेच. ती तेथे येते ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जिवाणूच्या दीर्घ संसर्गामुळे. हा जिवाणू ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी शोधला. जठराच्या आम्लात जिवाणू जगूच शकत नाहीत, या समजाला त्यामुळे धक्का बसला. मार्शल यांनी १९८४ साली स्वतः तो जिवाणू पिऊन पाहिला. दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान लंडनमधील पीटर आयझॅकसन, अँड्र्यू वॉदरस्पून आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवले की प्रतिजैविके देऊन हा जिवाणू घालवला, तर सहापैकी पाच रुग्णांचा लिम्फोमाही ओसरला. कर्करोगाच्या पेशी जिवाणूच्या चिथावणीवर वाढत होत्या. चिथावणी थांबली आणि त्याही थांबल्या. पुढे हजाराहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा सुरुवातीच्या अवस्थेतील सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत असेच घडल्याचे दिसले.

म्हणजे जिवाणू सापडलेल्या रुग्णासाठी पहिला उपचार किरण नव्हेच. पहिला उपचार म्हणजे दोनेक आठवड्यांच्या गोळ्या. जिवाणू नसूनही रोग आहे किंवा जिवाणू जाऊनही रोग राहिला, अशांसाठी किरणांचा विचार होतो. आपले प्रचलित वाक्य ही पायरी गाळते. शहापूर किंवा मुरबाडच्या दुर्गम पाड्यावरील रुग्णाला नेमकी हीच पायरी सहज परवडण्यासारखी आहे, ती विसरून चालणार नाही.

नियमाला अपवाद

एवढ्या मात्रेने हा रोग का हटावा? १९०६ साली बेर्गोनिए आणि ट्रिबोंदो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एक नियम मांडला होता. ज्या पेशी भराभर विभागतात आणि ज्यांची वाढ अपरिपक्व असते, त्यांच्यावर किरणांचा परिणाम जास्त होतो, असा त्याचा सारांश. पुस्तकांत हा नियम आजही येतो आणि ढोबळमानाने तो बरोबरही आहे. पण त्यानुसार मंदगती लिम्फोमाने किरणांना दाद देऊ नये. प्रत्यक्षात उलटे घडते.

याचे कारण मरण्याच्या पद्धतीत आहे. बहुतेक पेशी डीएनए तुटले तरी लगेच मरत नाहीत. विभाजनाच्या वेळी मोडलेली गुणसूत्रे नीट वाटता आली नाहीत की त्या संपतात. लसीका पेशी तेवढी वाट पाहत नाहीत. डीएनए दुखावल्याची जाणीव होताच त्यांतील बऱ्याच जणी काही तासांत स्वतःच स्वतःचा नाश करतात. याला पेशींचा नियोजित मृत्यू म्हणतात. प्रतिकारसंस्थेत बिघडलेली पेशी ठेवून घेणे शरीराला परवडत नाही, असे त्याचे कारण देता येईल. मंदगती लिम्फोमाच्या पेशींत आत्मनाशाची ही यंत्रणा बऱ्याच अंशी शाबूत असते. त्यामुळे त्यांना मारावे लागत नाही, मरण्याचे निमित्त दिले तरी पुरते. १९९४ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी प्रत्येकी २ ग्रेचे दोन हप्ते देऊन अशा लिम्फोमांत चांगला गुण येत असल्याचे नोंदवले होते. ह्यूस्टनचा प्रयोग त्याच वाटेवरचा आहे.

‘बरा झाला’ म्हणजे काय?

आता निबंधाचे मूल्यमापन करू. २४ पैकी २० म्हणजे ८३ टक्के. पण हे ८३ टक्के २४ माणसांवरून काढलेले आहेत. संख्याशास्त्राच्या रीतीने मांडले, तर खरे प्रमाण ६३ ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. हे वर्गात दाखवता येते. शंभर वाल घ्या. त्यांतील तिसांवर शाईचा ठिपका द्या आणि सगळे पिशवीत भरा. डोळे मिटून एक वाल काढा, नोंद करा, परत टाका, पिशवी हलवा. असे २४ वेळा करा. पिशवीत कोरे वाल नक्की ७० टक्केच आहेत, तरीही सुमारे नऊ प्रयोगांत एकदा २० किंवा अधिक वाल कोरे निघतील. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात चार-पाच जणांना असा निकाल मिळेल. त्यांतील एखाद्याने आपलाच निकाल छापला, तर वाचणाऱ्याला पिशवी फारच चांगली वाटेल.

दुसरा मुद्दा तुलनेचा. या प्रयोगात सर्वांना ४ ग्रेच दिले होते. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना ४ आणि अर्ध्यांना ३० ग्रे असे केलेले नव्हते. तशी तुलना ब्रिटनमध्ये एकदा झाली आहे. ‘फोर्ट’ नावाच्या त्या चाचणीत मंदगती लिम्फोमाच्या ६१४ जागांना ४ किंवा २४ ग्रे देण्यात आले. तिचे निष्कर्ष २०१४ आणि २०२१ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर २४ ग्रे दिलेल्या जागांपैकी ८९.९ टक्के जागी रोग पुन्हा वाढला नव्हता. ४ ग्रेच्या बाबतीत हा आकडा ७०.४ टक्के होता. म्हणजे ४ ग्रेने बऱ्याच जणांचे भागले, पण २४ ग्रे सरसच ठरले.

मग ह्यूस्टनचा निष्कर्ष खोटा का? नाही. ‘फोर्ट’मधील बहुतेक रुग्णांचा लिम्फोमा दुसऱ्या प्रकारचा, ‘फॉलिक्युलर’ होता आणि जागाही शरीरात ठिकठिकाणच्या होत्या. शिवाय ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी ‘४ ग्रे नेहमी पुरतात’ असा दावा केलेला नाही. त्यांची योजना अशी आहे: आधी ४ ग्रे द्या, दुर्बिणीने तपासत राहा, आणि गरज पडेल त्यालाच पुढचे २० द्या. याला प्रतिसाद पाहून उपचार म्हणतात. स्वयंपाकात मीठ आधी कमी घालून, चव पाहून वाढवावे, तशी ही रीत आहे. जास्त घातलेले काढता येत नाही, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच. जठराभोवती यकृत, मूत्रपिंडे आणि हृदय असल्याने येथे त्याला विशेष वजन आहे.

उणीव आहे ती काळाची. रुग्णांवर सरासरी तीनेक वर्षे लक्ष ठेवले गेले. भराभर वाढणाऱ्या रोगात तीन वर्षे पुष्कळ झाली, पण हा रोग मुळातच संथ आहे आणि त्याला परत यायला दहा वर्षेही लागू शकतात. म्हणून ‘बरा झाला’ हा शब्द आज वापरू नये. ‘रोगाची खूण दिसेनाशी झाली’ एवढेच म्हणावे. मराठीत ‘मात्रा लागू पडली’ असे आपण म्हणतो. ती लागू पडली इतके दिसते आहे, किती दिवस लागू राहील ते पाहायचे आहे.

आसनगावहून पाहताना

या निबंधाचे खरे मोल कळायला आपला रुग्ण कोठे राहतो ते पाहावे. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली परळला सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. आसनगाव स्थानकापासून परळ सुमारे पाऊणशे किलोमीटर दूर. जठरावर ३० ग्रे द्यायचे तर ते १५ ते २० हप्त्यांत देतात. रोज जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर धरले, तर २० दिवसांचा प्रवास ३,००० किलोमीटर होतो, आणि रुग्णासोबत एक माणूस असतोच. दोघांची रोजंदारी बुडते. मुरबाडकराला तर आधी एसटीने कल्याण गाठावे लागते. जठरावर किरण घ्यायचे तर पोट रिकामे लागते, म्हणजे हा प्रवास बहुधा उपाशीपोटीच. हप्ते दोनच झाले तर प्रवास ३०० किलोमीटरवर येतो. अर्धवट सुटणारे उपचार पूर्ण होण्याची शक्यता त्याने वाढते. शहरात राहणाऱ्याला ही बचत सोयीची वाटेल. येथे ती उपचार होणार की नाही हे ठरवू शकते.

पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ४ ग्रेची योजना तपासणीच्या आधारावर उभी आहे. काही महिन्यांच्या अंतराने पुन्हापुन्हा जठरात दुर्बीण घालून नमुने घ्यायचे, ते जाणत्या विकृतिशास्त्रज्ञाने पाहायचे आणि हे वर्षानुवर्षे चालू ठेवायचे. ह्यूस्टनमध्ये हे गृहीत धरता येते. आपल्याकडे ‘आता बरे वाटते’ म्हणून भातलावणीच्या दिवसांत तपासणी चुकली, पुढच्या वेळी पैसे नव्हते म्हणून चुकली, तर ज्या थोड्यांना ४ ग्रे पुरले नाहीत ते नजरेतून निसटतील. अशा रुग्णाला सुरुवातीलाच पूर्ण मात्रा देणे कदाचित शहाणपणाचे ठरेल. तेव्हा या निबंधाचा निष्कर्ष जसाच्या तसा येथे आणता येणार नाही. त्याच्यासोबत तालुक्याच्या जवळ दुर्बीण-तपासणी आणि रुग्णाचा पाठपुरावा करणारी व्यवस्था आणावी लागेल. लेखकांवर हा आरोप नाही. त्यांच्या निबंधाच्या आवाक्याची ही मर्यादा आहे.

‘किती पुरे?’ हा प्रश्न आपल्याकडेही विचारला गेला आहे. टाटा स्मारक रुग्णालयात डोके व मानेच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर एक चाचणी झाली आणि तिचा निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या स्वस्त गोळ्यांना ‘निव्होलुमॅब’ या महागड्या औषधाच्या फक्त २० मिलिग्रॅमची, म्हणजे रूढ मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी मात्रेची जोड दिली. एक वर्ष जगलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. येथे चिठ्ठ्या टाकून तुलना केलेली होती, ही या कामाची जमेची बाजू. पण ती तुलना ‘थोडे औषध’ आणि ‘ते औषध मुळीच नाही’ यांच्यात होती. थोडी मात्रा पूर्ण मात्रेइतकीच गुणकारी आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही आणि तसे सांगूही नये. ज्याला पूर्ण मात्रा परवडतच नाही, त्याच्यासाठी मात्र हाच प्रश्न योग्य होता.

थोडे औषध खपून कोणाचा नफा वाढत नाही. त्यामुळे असे प्रश्न विचारण्याची जबाबदारी सार्वजनिक रुग्णालयांवर येते. ती ते पार पाडतात तेव्हा त्यांच्या उत्तरांचे वाचन तितक्याच काटेकोरपणे करणे हे आपले, विशेषतः शिक्षकांचे, काम आहे. पुढच्या वेळी एखादा विद्यार्थी असे वाक्य घेऊन आला, तर त्याला लगेच हो किंवा नाही म्हणू नये. किती माणसांवर पाहिले, कशाशी तुलना केली, किती वर्षे लक्ष ठेवले आणि रोग नेमका कोणता, हे चार प्रश्न फळ्यावर लिहावेत आणि उत्तरे त्यालाच शोधू द्यावीत. घरात कोणी आजारी असले, तर याच प्रश्नांची चिठ्ठी घेऊन त्याला डॉक्टरांसमोर बसता येईल.